लहान चाकातील हवा

लहान चाकापासून धोका नसतो, हा समज आम्हांस मान्य नाही. डनलप यांनी १८८८ साली पेटंट घेतलेला हवेचा टायर मुळात आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीच केला होता. पण तेव्हा हवा भरावयाची ती हाताच्या श्रमाने. आता आंब्याच्या दिवसांत हातगाडी घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलेला मुलगा यंत्राची नळी स्वतःच लावू पाहतो. ट्रकच्या टायरास दर चौरस इंचास सुमारे १०० पौंड दाब लागतो, हातगाडीच्या टायरास बहुधा ३० च्या आसपास. आत जागा थोडी. क्षणात दाब मर्यादेबाहेर जाऊन टायर फुटतो. हातपंप घरी असता पालकांनी मुलास तेथे पाठवावेच का? टायरवरील आकडा वाचून, चेहरा बाजूस ठेवून हवा भरावी. दोन तुकड्यांच्या लोखंडी कड्याचे बोल्ट तर सगळी हवा सोडल्यावाचून सैल करूच नयेत.