तिरस्करिणी आणि तांबडी कांच

गेल्या मे महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा खटला चालला. फिर्यादी आमचा अकरा वर्षांचा नातू, साक्षीदार आमची नात, आणि आरोपी आम्ही स्वतः. सोलापूरचा मे महिना ज्यांनीं अनुभविला आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, दुपारीं बारापासून पांचापर्यंत घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. दारें-खिडक्या लोटून, फरशीवर पाण्याचा हात फिरवून सारें कुटुंब माजघरांत पडून असतें. अशा एका दुपारीं नातवानें दूरचित्रवाणीवर ‘मिस्टर इंडिया’ हा जुना हिंदी चित्रपट लावला, आणि आम्ही डोळे न उघडतांच म्हणालों, “तो पोरखेळ बंद कर. त्यांत कांहीं अर्थ नाहीं.”

“आजोबा, तुम्ही पाहिला आहे का?”

“पाहिला आहे.”

“पूर्ण?”

या शेवटच्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. हा चित्रपट १९८७ सालीं प्रदर्शित झाला, त्याच वर्षीं तो सोलापुरास आला, आणि आम्ही तो मध्यंतरापर्यंत पाहून चित्रगृहांतून उठून आलों. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षें आम्ही त्याविषयीं ठाम मत देत आलों आहों. ग्रंथाचा पूर्वार्ध वाचून त्यावर अभिप्राय लिहिणाऱ्यास आम्हीं याच सदरांत अनेकवार नांवें ठेविलीं आहेत, हें आमच्या जुन्या वाचकांस आठवत असेल.

ज्यांस कथानक आठवत नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. अरुण वर्मा नांवाचा एक गरीब मनुष्य अनाथ मुलें गोळा करून समुद्राकांठच्या एका जुन्या घरांत राहतो. घरभाडें थकलेलें, वाण्याची उधारी वाढलेली. वडील शास्त्रज्ञ होते. त्यांनीं तयार केलेलें, मनगटावर बांधतां येणारें एक यंत्र अरुणच्या हातीं येतें. तें चालू केलें कीं मनुष्य दिसेनासा होतो, मात्र तांबड्या प्रकाशांत वा तांबड्या कांचेंतून पाहिलें असतां तो दिसतो. मोगॅम्बो नांवाचा एक दुष्ट या यंत्राच्या मागें आहे. दिग्दर्शक शेखर कपूर, लेखक सलीम-जावेद, नायक अनिल कपूर, नायिका श्रीदेवी, आणि मोगॅम्बो अमरीश पुरी.

त्या वेळीं आम्ही ऐन पंचविशी उलटलेले, नुकतेच संस्कृतचे शिक्षक म्हणून नोकरीस लागलेले. मॅट्रिकनंतर आमचें सारें शिक्षण पाठशाळेंत झालें असल्यामुळें विज्ञानाविषयीं आमचें ज्ञान यथातथाच. परंतु शाळेंत विज्ञान शिकविणारे एक स्नेही होते, त्यांनींच आम्हांस हा चित्रपट पाहावयास नेलें. त्यांनीं पेरेलमान या रशियन लेखकाचें पदार्थविज्ञानावरील सुबोध पुस्तक वाचलेलें होतें. अदृश्य मनुष्य आंधळाच असला पाहिजे, असें त्यांत सिद्ध केलें आहे. डोळ्याच्या आंतील पडद्यानें प्रकाश अडविला तरच दिसतें. तो पडदाच पारदर्शक झाला तर प्रकाश आरपार निघून जाणार, मग पाहावयाचें कशानें? एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या अदृश्य माणसाच्या कादंबरीवरील हा आक्षेप आमच्या स्नेह्यांनीं चित्रगृहांतच आमच्या कानांत सांगितला. गंमत अशी कीं, आक्षेप सांगून ते स्वतः शेवटपर्यंत हंसत बसले, आणि आक्षेप ऐकून आम्ही मात्र उठून आलों.

खरें कारण निराळेंच होतें. आम्हांस त्या चित्रपटांतील गलका सोसवला नाहीं. आणि शेजारीं बसलेल्या आमच्या वर्गांतील दोन मुलांनीं आम्हांस ओळखून नमस्कार केला, याचाहि संकोच वाटला. तेव्हां आपण येथें रमलों नाहीं हें त्यांना दिसावें, यासाठीं आम्ही उठलों. ही गोष्ट आज प्रथमच कबूल करीत आहों.

यापुढील भाग सांगणें अधिक कठीण आहे. दुसऱ्याच आठवड्यांत नववीच्या वर्गांत आम्ही पाठ्यपुस्तक बाजूस ठेवून कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’ची कथा सांगत होतों. उर्वशी व तिची सखी चित्रलेखा तिरस्करिणी विद्येनें अदृश्य होऊन प्रमदवनांत उतरतात आणि राजाचें बोलणें ऐकतात, हा प्रसंग आम्हीं मोठ्या रंगांत येऊन सांगितला. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकांतहि सानुमती अशीच अदृश्य राहून दुष्यंताचा शोक पाहते, हेंहि सांगितलें. इतक्यांत मागील बाकावरील एक मुलगा उभा राहिला. पूर्व भागांतील, घरीं तेलुगु बोलणारा, वडील यंत्रमागावर कामाला. त्यानें विचारलें, “सर, तिरस्करिणी चालते, मग मिस्टर इंडियाचें घड्याळ का चालत नाहीं?” सारा वर्ग हंसला. आम्ही त्यास उद्धट ठरविलें आणि दोन तास वर्गाबाहेर उभें केलें. छडी मारली नाहीं, याचें आम्हांस पुढें पुष्कळ वर्षें समाधान वाटत असे.

त्या प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. तो उत्तम प्रश्न होता. भासाच्या ‘अविमारका’ची कथा सांगितली असती तर त्या मुलानें आमची अधिकच पंचाईत केली असती. १९१२ च्या सुमारास त्रिवेंद्रम येथें गणपतिशास्त्र्यांनीं भासाचीं म्हणून जीं नाटकें उजेडांत आणलीं, त्यांत हें आहे. नायकास एक विद्याधर अंगठी देतो. ती उजव्या हाताच्या बोटांत घातली कीं मनुष्य अदृश्य, डाव्या हाताच्या बोटांत घातली कीं पुन्हां दृश्य! हें मनगटावरच्या घड्याळाहून काय निराळें आहे? एक कळ उजवीकडे, एक डावीकडे. आमच्या पूर्वजांची अंगठी ती विद्या, आणि मुंबईच्या चित्रपटवाल्यांची ती थाप, असा न्याय आम्ही त्या दिवशीं केला होता.

असो. तर त्या दुपारीं नातवाच्या आग्रहावरून आम्ही उठून बसलों आणि चित्रपट अथपासून इतिपर्यंत पाहिला. जवळजवळ तीन तास लागले.

प्रथम लक्षांत आलें तें वाण्याचें प्रकरण. तांदुळांत खडे मिसळणाऱ्या वाण्यास अदृश्य नायक ते खडेच खावयास लावतो. तरुणपणीं हा प्रसंग आम्हांस अगदीं बाळबोध वाटला होता. परंतु तो ज्या वर्षीं आला तें वर्ष देशभर अवर्षणाचें होतें. आमच्या घरीं शिधापत्रिकेवरच्या दुकानांतून तांदूळ येत, आणि आमच्या मातोश्री पडवींत सूप घेऊन तासन्‌तास त्यांतील खडे वेंचीत बसत. डोळ्यांस कमी दिसूं लागलें तरी त्यांनीं तें काम सुनांवर सोंपविलें नाहीं. चित्रपटांतल्या वाण्याच्या तोंडांत खडे जातांना चित्रगृहांतील बायका टाळ्या कां वाजवीत होत्या, हें घरीं रोज तें सूप पाहूनहि आम्हांस समजलें नव्हतें. यंदा आमच्या घरच्या मंडळींनीं तो प्रसंग पाहतांना हातांतील भाजी निवडणें थांबविलें, तेव्हां समजलें.

दुसरें, तें घर. तेथें कोणी कोणाचें रक्ताचें नाहीं. परंतु स्वयंपाक एक, उपास एक, आणि थकलेल्या भाड्याची लाज एक. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां लोकांस हें चित्र परकें वाटूं नये. तरुणपणीं तें परकें वाटलें, कारण त्या वेळीं आमचें सारें लक्ष त्या घड्याळावर होतें.

मध्यंतरानंतरचा भाग आम्ही प्रथमच पाहत होतों. त्या मुलांतील सर्वांत धाकटी पोर टीना बाँबस्फोटांत जाते. नातवानें आमचा हात धरला, हें त्याच्याहि लक्षांत आलें नाहीं. मे १९८५ मध्यें दिल्लींत व उत्तरेंत इतरत्र ट्रान्झिस्टर रेडिओंत दडविलेल्या बाँबचे स्फोट झाले होते. बेवारस वस्तूंस हात लावूं नका, ही सूचना तेव्हांपासून आगगाडींत, बसस्थानकावर आपल्या अंगवळणीं पडली. पुढें मार्च १९९३ मध्यें मुंबईंत काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे ज्या चित्रपटास आम्ही वास्तवाशीं संबंध नसलेला म्हणत होतों, तो त्या दोन वर्षांतील वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून उचललेला होता. ज्या अर्ध्या भागांत हें सारें होतें, तो भाग आम्हीं पाहिलाच नव्हता.

श्रीदेवीच्या निळ्या साडीच्या त्या पावसाळी गाण्याविषयीं आमचें पूर्वीचें मत केवळ रेडिओवर ऐकून व लोकांकडून वर्णन ऐकून बनलें होतें. तें गाणें मुलांसह पाहतांना आम्हांस अजूनहि अवघडल्यासारखें होतें. परंतु पाहतां पाहतां एकदम आठवलें कीं, ‘विक्रमोर्वशीया’च्या तिसऱ्या अंकांत उर्वशी अभिसारिकेच्या वेषांत येते तेव्हां तिच्या अंगावर निळेंच वस्त्र असतें, आणि ती अदृश्यपणें मागून येऊन राजाचे डोळे झांकते. येथें निळ्या वस्त्रांतील स्त्री दृश्य आणि प्रियकर अदृश्य, एवढाच पालट. हा योगायोग असेल. कालिदास वाचून तें गाणें रचलें, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु एका ठिकाणीं आम्ही रसाचें विवेचन करतों आणि दुसऱ्या ठिकाणीं नाक मुरडतों, हें मात्र खरें.

राहिला विज्ञानाचा प्रश्न. आमची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. तिला आम्हीं डोळ्याचा तो जुना आक्षेप ऐकविला. ती म्हणाली, “आजोबा, आक्षेप बरोबर आहे. पण तांबड्या कांचेला तुम्ही हंसूं नका.” मग तिनें सांगितलें तें असें. ग्लिसरीनमध्यें विशिष्ट प्रकारची कांचेची कांडी बुडविली तर ती दिसेनाशी होते, कारण दोन्ही पदार्थ प्रकाशास सारखेंच वांकवितात. हा अदृश्य होण्याचा एक मार्ग, वेल्सच्या माणसाचा. दुसरा मार्ग असा कीं, ओढ्यांतील पाणी जसें दगडास वळसा घालून पुन्हां एक होतें, तसा प्रकाश वस्तूभोंवतीं वळवावयाचा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील जॉन पेंड्री यांनीं त्याचें गणित मांडलें, आणि २००६ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत डेव्हिड स्मिथ व त्यांचे सहकारी यांनीं तांब्याच्या एका लहान नळकांड्याभोंवतीं वर्तुळाकार आवरण रचून सूक्ष्मलहरी त्याच्याभोंवतीं वळवून दाखविल्या. पण तें आवरण एका अरुंद पट्ट्यांतील लहरींपुरतेंच चालतें. त्याबाहेरच्या लहरींना ती वस्तु स्पष्ट दिसते. आपल्या डोळ्यांना तर तें नळकांडें आणि आवरण दोन्ही दिसत होतीं.

म्हणजे एका प्रकाशांत लपलेली वस्तु दुसऱ्या प्रकाशांत उघडी पडावी, ही कल्पना चित्रपटवाल्यांनीं सोय म्हणून योजिली असेल, पण ती निसर्गाच्या विरुद्ध नाहीं. सबंध मनुष्य सर्व रंगांत झांकण्याची विद्या मात्र अद्याप कोणास साधलेली नाहीं, असेंहि नातीनें बजावलें. आमच्या विज्ञानशिक्षक स्नेह्यांस हें ऐकावयास मिळावयास हवें होतें. ते चार वर्षांपूर्वीं वारले.

आणखी एक गोष्ट नव्यानें ध्यानांत आली. यंत्राचें रहस्य नायकास सांगणाऱ्या वृद्ध प्राध्यापकाची भूमिका अशोककुमार यांनीं केली आहे. हेच अशोककुमार १९५७ सालच्या ‘मिस्टर एक्स’मध्यें स्वतः अदृश्य मनुष्य झाले होते! त्याहि आधीं १९३७ सालीं ‘ख्वाब की दुनिया’मध्यें बाबूभाई मिस्त्री यांनीं काळ्या दोऱ्यानें वस्तु हालवून अदृश्य माणसाचा भास उत्पन्न केला होता. आणि या सर्वांच्या मुळाशीं आमचे त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके, ज्यांनीं १९१२ सालीं वाटाण्याचा वेल क्षणांत वाढतांना पडद्यावर दाखविला. ‘मिस्टर इंडिया’च्या वेळींहि संगणक हाताशीं नव्हता, पीटर परेरा यांनीं छायालेखनाच्या युक्तीनेंच सारें साधलें.

आमचें मत सर्वस्वीं फिरलें, असें मात्र कोणी समजूं नये. मोगॅम्बोचें तें वारंवार खूष होणें आम्हांस आजहि कंटाळवाणें वाटतें. एका गाण्यांत नर्तकांस काळा रंग फांसून नाचविलें आहे, तें तर आज अधिकच बोंचतें. तें पाहून नातीनेंहि तोंड फिरविलें. परंतु अदृश्य होण्याची शक्ति हातीं आल्यावर मनुष्य काय करतो, या प्रश्नास या चित्रपटाचें उत्तर आम्हांस आवडलें. प्लेटोच्या कथेंतील गायजीस राजास मारून राज्य घेतो, वेल्सचा माणूस दहशत बसवूं पाहतो, आमचा अविमारक प्रियेच्या अंतःपुरांत शिरतो. हा अरुण वाण्याकडे जातो. आणि शेवटच्या झुंजीच्या वेळीं तें यंत्रहि त्याच्यापाशीं नसतें.

त्या मागील बाकावरच्या मुलाचें काय झालें, असें आमच्या वाचकभगिनी विचारतील. तो आतां पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असून येथेंच विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचें दुकान चालवितो. रस्त्यांत भेटला तर नमस्कार करतो. जूनच्या आरंभीं माजघरांतला पंखा बिघडला, तो घेऊन आम्ही मुद्दाम त्याच्याकडे गेलों आणि त्यास तो दिवस आठवतो का, म्हणून विचारलें.

“आठवतो ना सर,” तो पंखा उघडीत म्हणाला. “पण तेव्हां मीं तो पिक्चर पाहिलाच नव्हता. तिकिटाला पैसे कुठले? शेजारच्या पोरांनीं स्टोरी सांगितली होती, तेवढीच.”

आम्हींहि अर्धाच पाहिला होता, असें आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें मान वर करून आमच्याकडे पाहिलें, थोडा वेळ तो कांहींच बोलला नाहीं. मग म्हणाला, “सर, कंडेन्सर गेला आहे. गुरुवारीं या.”