फुकट ते पौष्टिक?

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. पण एआयच्या बाबतीत ती आपण अगदी मनापासून मानली आहे. मोबाईलवर प्रश्न टाकायचा आणि आलेले उत्तर वहीत उतरवून घ्यायचे, हे बी.ए.च्या वर्गात आज सर्रास चालते. त्याला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. ज्यांच्या घरात शिकलेली माणसे आहेत, त्यांना शंका विचारायला कोणीतरी असते. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. रात्री दहा वाजता अडले तर विचारायचे कोणाला? आमच्यासारख्यांना हे यंत्र म्हणजे चैन नव्हे, आधार आहे. आणि म्हणूनच तो आधार कोणाच्या हातात आहे, हे आम्ही आधी पाहिले पाहिजे.

मोबाईलवरच्या फुकट सेवेत आपण लिहिलेले सारे कुठल्यातरी कंपनीच्या संगणकावर जाते. फुकट किती द्यायचे, हेही तीच ठरवते. उद्या तिने हात आखडता घेतला तर? शिवाय नेट गेले की आधारही गेला!

मित्रहो, याला पर्याय आहे आणि तोही फुकटच आहे. एआय आपल्याच संगणकावर बसवता येते. त्यासाठी प्रथम ‘ओलामा’ हे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे. त्यातून एखादे लहान मॉडेल उतरवावे. गुगलने मार्च २०२५ मध्ये खुले केलेल्या ‘जेमा ३’चे ४ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल सुमारे सव्वातीन जीबीचे आहे. ८ जीबी रॅमच्या संगणकावर ते चालते, सावकाश का होईना. मग ‘एनिथिंग एलएलएम’ बसवून त्याच्या सेटिंगमध्ये ओलामा निवडावे आणि विषयवार ‘वर्कस्पेस’ उघडाव्यात. वर्कस्पेस म्हणजे त्या विषयाची स्वतंत्र खोलीच म्हणा ना! तिथे आपल्या नोट्स ठेवल्या की त्यांच्या आधारे प्रश्न विचारता येतात. एकदा सारे उतरवून झाले की त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

मात्र मराठीसाठी थोडे डोळस राहावे लागते. मेटाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या ‘लामा ३.२’च्या अधिकृत भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. जेमा ३ मात्र १४० हून अधिक भाषांसाठी तयार केल्याचे गुगल सांगते. नोट्समधून नेमका मजकूर शोधून देणारे मॉडेल वेगळे असते; तेही ‘बीजीई-एम३’सारखे बहुभाषिक निवडावे. आणि नोट्स युनिकोडमध्येच हव्यात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, यंत्राला मात्र ती निरर्थक अक्षरांची खिचडी वाटते.

“एवढा खटाटोप कशाला? मोबाईल आहे की!” असे कोणी म्हणेल. माझ्या मते या खटाटोपातच खरा अभ्यास आहे. कोणत्या नोट्स ठेवायच्या आणि कोणत्या गाळायच्या, हे ठरवायला त्या आधी वाचाव्या लागतात! दुसरे असे की, या वर्कस्पेसमध्ये ‘क्वेरी’ नावाची सोय आहे. ती निवडली की उत्तर फक्त आपण ठेवलेल्या कागदांतूनच शोधले जाते; तिथे काही सापडले नाही तर यंत्र तसे सांगते. उत्तर कोणत्या कागदावरून घेतले, तेही दाखवते. लहान मॉडेल चुकते, मराठीत तर अधिकच चुकते. म्हणून मूळ कागद उघडून पडताळणी करावीच लागते. वहीत आयते उत्तर उतरवण्यापेक्षा ही सवय कितीतरी बरी.

सर्वांच्या घरी संगणक नाही, माझ्याही नाही. म्हणून माझी सूचना एवढीच : आपल्या ग्रंथालयातील एका संगणकावर हे सारे बसवावे, आणि ते बसवण्याचे काम कोणा बाहेरच्या माणसाला न देता आम्हा विद्यार्थ्यांना द्यावे. प्राध्यापकांनी आपल्या नोट्स द्याव्यात, आम्ही त्या युनिकोडमध्ये टाइप करू. पुढच्या वर्षी माझ्यासारखीच घरातली पहिली मुलगी प्रवेश घेईल, तेव्हा तिला विचारायला एक जागा असेल, आणि ती जागा आपल्या कॉलेजची असेल.

फुकट ते पौष्टिक असतेच असे नाही. स्वतः निवडून, पाखडून, रांधून घेतले तर अंगी लागते.