बंब लाकडाने पेटतो, पाण्याने मरतो

"लाकूड फुकट, पाणी फुकट, मग ऊबही फुकट!" इथे विस्कॉन्सिनच्या खेड्यांत घराबाहेरची लाकडाची भट्टी विकणारे आणि घेणारे दोघेही हेच तुणतुणं वाजवतात. लाकडाचं एक वेळ सोडा. पण पाणी फुकट असतं हे साफ खोटं आहे, आणि त्या खोट्यापायी चांगल्या भट्ट्या अकाली भंगारात जातात.

तिकडच्या वाचकांसाठी आधी यंत्र समजावून सांगतो. आपला न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधे जाळ, भोवती पाणी. तोच बंब लहानशा खोपटाएवढा करा, तांब्याऐवजी पोलादाचा करा आणि घरापासून लांब अंगणात ठेवा. त्यातलं ८० अंशांच्या आसपास तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून पंपाने घरात येतं, उष्णता देतं आणि परत भट्टीत जातं. बंबातलं पाणी आपण रोज अंगावर घेऊन संपवतो. इथे मात्र तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं. बंब चिंचेने घासता येतो, इथे आत हात जात नाही.

आता हे पाणी काय करतं बघा. वाफेचा दाब साठून स्फोट होऊ नये म्हणून या भट्ट्यांची टाकी बहुधा वरून हवेला उघडी असते. सुरक्षित, पण हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि पोलाद गंजतं. कुठे गळती असली की पाण्याची भर घालावी लागते, म्हणजे नव्याने ऑक्सिजन. शिवाय विहिरीचं पाणी जड असेल तर तापलेल्या पत्र्यावर चुन्याचा थर बसतो. थरामागचा पत्रा जास्त तापतो, गाळाखाली गंज खड्डे पाडतो.

यावर उपाय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टी ऐकून माझं डोकं फिरतं.

एक, "स्टेनलेस घ्या, कटकट मिटली." मुळीच नाही. गरम पाण्यात क्लोराइड असेल तर स्टेनलेसला वेल्डिंगजवळ तडे जाऊ शकतात.

दोन, "उन्हाळ्यात पाणी काढून टाकी कोरडी ठेवा." ती कोरडी होतच नाही! आत दमट हवा राहते आणि ओल्या पत्र्याला गंजायला आणखी काय हवं? औषध घातलेल्या पाण्याने भरलेली टाकीच बरी.

तीन, "गोठू नये म्हणून ग्लायकॉल ओता, बाकी बघायला नको." उष्णतेने ग्लायकॉल हळूहळू विघटित होऊन आम्लं तयार होतात. म्हणजे तपासणी उलट वाढते.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. पाणी क्षारधर्मी ठेवायचं, उत्पादकाने दिलेल्या पट्ट्यात, जो बहुधा पीएच ८ ते १० मधला असतो. त्यात नायट्राइटसारखं गंजरोधक घालायचं. ते पोलादावर पातळ संरक्षक थर धरतं. मात्र नायट्राइट कमी पडलं तर पत्र्याचा बराचसा भाग वाचतो आणि सगळा गंज उघड्या राहिलेल्या थोड्या जागांवर तुटून पडतो. तिथे आरपार छिद्रं पडतात. म्हणजे अर्धवट औषध हे औषध नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकतं. म्हणूनच अंदाजाने बाटली ओतून चालत नाही. पंप चालू ठेवून औषध पूर्ण मिसळू द्यायचं, नमुना काढून थंड करायचा, थेंब मोजत रंग बदलेपर्यंत थांबायचं आणि आकडा तारखेसह वहीत लिहायचा. कामाला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात.

माझ्या माहितीतल्या एका शेतकऱ्याची भट्टी पाचव्या हिवाळ्यात, ऐन जानेवारीत गळायला लागली. बाहेर उणे २५, घरात दोन लहान मुलं. वेल्डरने ठिगळ मारलं, पंधरवड्यात शेजारीच दुसरं छिद्र. "पोलाद हलकं निघालं," म्हणून तो कारखान्याला शिव्या देत होता. पाणी शेवटचं कधी तपासलं, असं विचारलं तर म्हणाला, "पाण्यात काय तपासायचं?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१५ साली या भट्ट्यांसाठी नियम केले, २०२० मध्ये ते आणखी कडक झाले. पण ते धुराचे. धूर शेजाऱ्याला दिसतो, तो तक्रार करतो. पाण्याची तक्रार कोण करणार?

आपल्याकडे साखर कारखान्यात बॉयलरच्या पाण्यासाठी केमिस्ट असतो, आणि त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. घरच्या भट्टीलाही तोच न्याय लावा. विक्रेत्यांनी किमतीच्या फलकावर दरवर्षीचा औषधाचा खर्च लिहावा, आणि घेणाऱ्याने पत्र्याची जाडी विचारण्याआधी पाणी कोण तपासणार ते घरात ठरवावं. तेवढं जमत नसेल तर सरळ गॅस घ्यावा. बिल येईल, पण मुलं जानेवारीत कुडकुडणार नाहीत.