बाईच्या जातीवर खटला

गंगापूर रोडच्या कट्ट्यावर कटिंग मारत आपली शिकलेली पोरं अजून म्हणतात, ‘त्या बामणीनंच बाबासाहेबांना मारलं.’ पुरावा काय? तर आजा म्हणायचा! अरे दोस्तांनो, आजा म्हणायचा याच जोरावर मनू इतकी शतकं टिकला.

डॉ. शारदा कबीर १५ एप्रिल १९४८ ला सविता आंबेडकर झाल्या. बाबासाहेब तेव्हाच मधुमेहानं, सांधेदुखीनं पोखरलेले. साडेआठ वर्षं माईसाहेबांनी इन्सुलिन, पथ्यपाणी सांभाळलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात महास्थवीर चंद्रमणींकडून दोघांनी दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि बाई आरोपी झाली.

सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला. सरकारवर भरवसा नाही म्हणता? ठीकाय, आमचाही नाही. मग बाबासाहेबांवर तरी ठेवाल? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १५ मार्च १९५६ ला लिहिलेल्या प्रस्तावनेत, विझत चाललेला आपला दिवा पुन्हा पेटवल्याचं श्रेय त्यांनी बायकोला आणि डॉ. मालवणकरांना दिलंय. १९५७ ला ग्रंथ छापून आला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. कुणाला खुपत होती ती? हा सवाल कट्ट्यावर कुणी करत नाही.

बदनाम बाईच बघायची असेल तर दक्षिण व्हिएतनामची मादाम न्हू बघा. जन्मानं बौद्ध घरातली, लग्नानंतर कॅथलिक झाली, दिराच्या सत्तेवर मिरवली. ११ जून १९६३ ला सायगावच्या रस्त्यावर भिक्खू थिक क्वांग डुक यांनी स्वतःला जाळून घेतलं, तर ही म्हणाली, जळू द्या, टाळ्या वाजवू. तिच्यावरचा आरोप तिच्याच तोंडचा आहे. माईसाहेबांवरचा कशाचा? जन्माचा! त्यांनी तर ब्राह्मण्य सोडून बुद्ध धरला. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवायचा, मग आपण भांडतोय कुणाशी?

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. वारशावरून आंबेडकर घराण्याशी बेबनाव झाला, त्यावर खुशाल भांडा. पण विषाची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं समाजानं त्यांना वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको! सत्तरीच्या दशकात पँथरची पोरं त्यांच्याकडे गेली, त्यांना चळवळीत घेऊन आली. १९९० ला बाबासाहेबांचं भारतरत्न त्यांनीच स्वीकारलं. २९ मे २००३ ला मुंबईत गेल्या.

त्यांचं ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ मिळतं. वाचा. नाही पटलं तर पानं दाखवून भांडायला या. आजा पुढं करू नका.