दमट उन्हातील सायकलस्वारी

वैशाखात पुण्याचा तरुण नव्या मुंबईस पाहुणा येतो आणि वाशीहून बेलापुरास खाडीकाठच्या पाम बीच रस्त्याने सायकल हाकू लागतो. पारा पुण्याहून खालीच, म्हणून तो निर्धास्त असतो. फसगत होते ती येथेच. घाम अंगास थंड करितो तो वाहून नव्हे, वाळून. दमट हवेत तो वाळत नाही. पाणी जाते, उष्मा मात्र आत राहतो. सायकलीच्या वेगाने लागणारा वारा थोडा आधार देतो. पारसिक टेकडीच्या चढावर तोही सुटतो. खारघरास १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानातील समारंभास आलेली १४ माणसे उष्माघाताने दगावली. तेथे तर कोणी सायकल हाकीत नव्हते!

वडीलधाऱ्यांनी पाहुण्यास सायकल नाकारू नये. वेळ मात्र नेमून द्यावी. पहाटे निघावे, आठाच्या आत परतावे, सोबत मीठसाखर घातलेले पाणी असावे. डोके गरगरले वा मळमळले की सावलीत थांबावे. बोलणे असंबद्ध झाल्यास अंगावर पाणी शिंपडून वारा घालीत तत्काळ रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपली असता तोंडात पाणी घालू नये.