शहर चालतं, गाव चालत नाही

मंडळी, आज जरा डोकं तापलेलं आहे, सांभाळून घ्या.

झालं असं. आमची नात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने प्रॅक्टिकलसाठी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढणारा. त्यातल्या एका फंक्शनचं नाव तिने ठेवलं ‘गुण’. चक्क देवनागरीत. प्रोग्रॅम चालला, उत्तर बरोबर आलं, आणि दोन गुण कापले गेले. शेरा असा, की नावं इंग्रजीतच हवीत, मशीनला दुसरं कळत नाही.

‘गुण’ लिहिलं म्हणून गुण गेले! मी जन्मभर पेपर तपासले. गुण कापायला माझी ना नाही, पण कापण्याचं कारण खरं असावं. हे कारण खरं आहे का ते पाहायला मी नातीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, दाखव तुझं मशीन कुठे अडतं ते.

तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. कंपायलर आपला प्रोग्रॅम वाचतो आणि त्याची असेंब्ली करतो, म्हणजे प्रोसेसरच्या बारीक बारीक हुकमांची यादी. ती असेंब्लर घेतो, आणि शेवटी लिंकर सगळे तुकडे नावांवरून जोडतो. म्हणजे ‘गुण’ हे नाव या तिन्ही हातांतून धड पार पडलं पाहिजे. तिच्याकडचा कंपायलर जीसीसी. तिने ती मधली असेंब्लीची फाईल उघडली. मी चष्मा पुसून पाहिलं. इंग्रजी हुकमांच्या गर्दीत एका ओळीच्या सुरुवातीला स्वच्छ ‘गुण’, आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं. कुठे अडलं?

मग म्हटलं, अवघड करून बघू. सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं चालतात, एक पूर्णांक घेणारं, एक दशांश घेणारं. आमच्या हजेरीपटात दोन सुरेश पाटील आले की आम्ही वडिलांचं अक्षर लावायचो. कंपायलर तेच करतो. तिथे नाव झालं ‘खालची रेघ, झेड, ९, गुण, आय’. दुसऱ्याच्या शेवटी आयच्या जागी डी. हे ९ कुठून आले? ग, उकार आणि ण ही तीन चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाईट. नाव किती लांब आहे हे आधी मोजून सांगितलं, की आत कोणत्या लिपीतली अक्षरं आहेत याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. क्लँग नावाचा दुसरा कंपायलर तर अशी नावं सरळ अवतरणचिन्हांत टाकतो. आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं नाव आलं, तर असेंब्लर त्याला संख्या समजेल म्हणून त्याला कंस घालतो. म्हणजे विचित्र नावांची सोय या मंडळींनी कधीच करून ठेवली आहे.

उलट गंमत ऐका. असेंब्ली लिहायची एक इंटेल पद्धत आहे. तिच्यात कुणी आपल्या व्हेरिएबलला ‘सीएक्स’ असं इंग्रजी नाव दिलं, तर ते प्रोसेसरमधल्या रजिस्टरचंही नाव असल्यामुळे घोटाळा होऊ शकतो. ‘गुण’ नावाचं रजिस्टर कुठल्याही प्रोसेसरात नाही. मग धोका कोणत्या नावाला?

अर्थात पूर्वी सगळं सुरळीत होतं असं नाही. २०२० साली जीसीसीची दहावी आवृत्ती आली, त्याआधी प्रोग्रॅममध्ये सरळ देवनागरी नाव लिहिलं की तो ‘स्ट्रे’ म्हणून ओरडायचा. स्ट्रे म्हणजे भटका, कुत्र्यांसाठी वापरतात तोच शब्द! तोही दर बाईटला एकदा, म्हणजे एका ‘गुण’साठी नऊ वेळा. पण त्याही काळात अक्षराऐवजी उलटी तिरकी रेघ, यू आणि ०९१७ असे आकडे लिहून ‘ग’ आत नेता यायचा, आणि असेंब्लीत पुन्हा ‘ग’च उमटायचा. अडचण उंबरठ्यावर होती, आत नव्हती.

सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाण नियमांत आपले काना, मात्रा, हलन्त सगळे नावात चालतील अशी यादीच दिली होती. (त्यातही एक खोच आहे. बाहेरून दिसणाऱ्या नावाची पहिली ३१ अक्षरं तरी वेगळी ओळखली जातील अशी हमी, पण आपलं एक चिन्ह सहा अक्षरांच्या भावाने मोजायचं. म्हणजे हमी पाचच चिन्हांची. व, वेलांटी, द, हलन्त, य... ‘विद्यार्थी’ आणि ‘विद्यालय’ यांत फरक राहण्याची खात्री नाही! जीसीसी ही कंजुषी करत नाही, म्हणून बरं.)

आता माझ्या रागाचं खरं कारण. नातीने दुसरी एक भाषा दाखवली, गो. २००९ साली गूगलने ती खुली केली. तिचा नियम असा, की नावात युनिकोडमधलं कोणतंही अक्षर चालेल. वाचून बरं वाटलं. मग कळलं की त्यांच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही अक्षरंच नव्हेत! ‘शहर’ चालतं, ‘गाव’ चालत नाही. ‘घर’ चालतं, ‘दार’ नाही. कमल आणि मदन पास, मालती आणि सुधीर नापास. बरं, हे नजरचुकीने झालेलं नाही. त्यांच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर त्यांनी स्वतःच कबूल केलंय की जोडचिन्हं मुद्दाम वगळली आहेत आणि त्यामुळे देवनागरीसारख्या लिप्या बाहेर राहतात. आणि जे नाव दुसऱ्या पॅकेजला दिसायला हवं, ते मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हायला हवं. आपल्याकडे लहानमोठी लिपी नाही. म्हणजे पास झालेलं ‘शहर’सुद्धा पुढे एखादं मोठं इंग्रजी अक्षर चिकटवल्याशिवाय वेशीबाहेर पडत नाही.

ही भाषा कुणी केली? तीन कर्त्यांपैकी दोघे केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक, ज्यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ आखलं. ज्या रस्त्यावरून जगभरच्या लिप्या आज प्रवास करतात तो बांधणारे हेच!

पुढे ऐका. गोच्या असेंब्लीत त्यांच्या स्वतःच्याच नावांची पंचाईत झाली. त्यांच्या पूर्ण नावात पूर्णविराम आणि तिरकी रेघ येते, आणि असेंब्लर त्यांना विरामचिन्हं समजतो. मग काय केलं? युनिकोडमधून ओळीच्या मध्यावर येणारं एक टिंब घेतलं, भागाकाराची एक वेगळी तिरकी रेघ घेतली, आणि असेंब्लरला सांगितलं की ही दोन्ही नावात चालवून घे, मागाहून साधी कर. स्वतःची अडचण आली तेव्हा कुठल्या कोपऱ्यातलं टिंब शोधून आणलं. माझ्या अनुस्वाराचं टिंब मात्र चालत नाही.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. दहा देशांतले लोक मिळून काम करतात तिथे नावं इंग्रजीत असावीत, हे मान्य. दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं हीही खरी अडचण आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाईप होतो, एकदा ऱ घेऊन आणि एकदा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना एकच, लिंकर म्हणणार, या नावाचं इथे कुणी नाही. तिथे नियम हवाच. पण नियम करता येतो. सी प्लस प्लसच्या २०२३ च्या प्रमाणात ते न दिसणारं चिन्ह नावात बसत नाही, ऱ चालतो. पायथॉनने २००८ मध्येच नावं एका ठराविक रूपात आणून मग ताडून पाहायची पद्धत ठेवली. दोघांनीही काना-मात्रा गावाबाहेर काढल्या नाहीत.

आणि नातीचा प्रोग्रॅम काही दहा देशांत जायचा नव्हता. वर्गातच तपासायचा होता, आणि तपासणारे मराठीच.

मी म्हटलं, ही असेंब्लीची फाईल छापून घेऊन जा, दाखव. ती म्हणाली, “आजी, राहू दे गं.” काल तिने ‘गुण’ काढून ‘मार्क्स’ केलं, पुन्हा सबमिट केलं, दोन गुण परत मिळाले. मी काही बोलले नाही. परीक्षा तिची आहे.