कुत्रा राखणीला की शिक्षेला?

"आमचा कुत्रा फार तापट आहे," असं कौतुकानं सांगणाऱ्याला मी हल्ली एकच प्रश्न विचारते. तो दिवसभर करतो काय? उत्तर बहुधा ठरलेलं असतं : "करणार काय? बांधलेला असतो." मग तो तापट नाही हो, तो बेकार आहे. आणि ही बेकारी तुम्ही त्याच्या गळ्यात बांधली आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. ज्या पोराच्या हाताला काम नाही, ते कर्कटकानं बाकावर नाव कोरतं, हे शिक्षकाला बी.एड. न करताही कळतं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हीच साधी गोष्ट शिकलेल्या माणसांनाही कळेनाशी होते. त्यानं चपला फाडल्या, रात्रभर भुंकला, स्वतःचा पंजा चाटून चाटून सोलून काढला, की आपण म्हणतो जात खराब निघाली. किंवा हात उगारतो.

आपल्या समाजात कुत्र्याचा विषय निघाला की गाडी लगेच पाक-नापाकवर जाते. तो मसला मी इथे उकरत नाही. कोकणात शाफई आहेत, देशावर हनफी, लाळेचे नियम वेगवेगळे आहेत. ते आपापल्या उलेमांना विचारावेत. पण शेतावर, गोदामावर, कोंबड्यांच्या शेडवर कुत्रे आपणही ठेवतोच, आणि कोणी टोकलं की पटकन म्हणतो, "राखणीसाठी इजाजत आहे." आहे ना. शिकार, गुरं आणि शेती यांसाठी कुत्रा ठेवण्याची सूट हदीसमध्ये आहे. पण ती सूट नीट पाहा. त्यातला प्रत्येक कुत्रा कामाचा आहे, तो धावतो, हुंगतो, कळपाभोवती फिरतो. चार हात साखळीला चोवीस तास बांधलेला कुत्रा यातलं कुठलं काम करतो? तो फक्त भुंकतो. त्याला राखण म्हणायचं असेल तर दाराची बेल स्वस्त पडेल.

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकारी जनावरांना शिकवण्याचा उल्लेख येतो. तिथे शिकवणाऱ्यांसाठी आलेला 'मुकल्लिबीन' हा शब्द 'कल्ब' म्हणजे कुत्रा यावरूनच बनला आहे. भाषेच्या शिक्षिकेला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात कुत्रा शागिर्द आहे. आणि मांजर कोंडून मारणाऱ्या बाईची हदीस तर आपण लहानपणापासून ऐकतो. तिनं मांजरीला खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे किडेमुंग्या शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. आपण पहिला अर्धा भाग तेवढा ऐकतो. भाकरी टाकली की सुटलो! शोधून खाण्याचीही जनावराला गरज असते, हे दुसऱ्या अर्ध्या भागात मला स्पष्ट दिसतं.

इंग्रजीत याला 'एन्रिचमेंट' म्हणतात. मराठीत 'समृद्धीकरण' म्हटलं तर शासकीय योजना वाटेल, म्हणून मी 'मनाला काम' म्हणते. ही कल्पना प्राणिसंग्रहालयांत वाढली. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ यांनी गिबन माकडांना आयतं अन्न देण्याऐवजी, काहीतरी केल्यावर अन्न मिळेल अशी सोय केली, आणि सुस्त बसणारी माकडं हलू लागली. पिंजऱ्यातल्या माकडाला जे पन्नास वर्षांपूर्वी मिळालं, ते आपल्या अंगणातल्या कुत्र्याला अजून मिळत नाही.

कुत्र्याच्या मनाचं काम बहुतेक नाकातून चालतं. सकाळी फिरायला नेणारे लोक पाहा. कुत्रा खांबापाशी थांबला की हिसका, "चल, चल." त्याच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेण्यासारखंच आहे हे. २०१९मध्ये शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे वासावरून खाऊ शोधायला दिलं, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला शिकवलं. मग जिथे खाऊ असेल की नसेल हे सांगता येत नाही, अशा जागी वाटी ठेवली. हुंगण्याचा सराव केलेले कुत्रे त्या वाटीकडे आधीपेक्षा लवकर गेले. दुसऱ्या गटात तसा फरक पडला नाही. म्हणजे हुंगणाऱ्यांची उमेद वाढली होती.

"इथे माणसांच्या पोरांना खेळणी नाहीत, आणि कुत्र्याचे लाड?" हा आक्षेप मला माहीत आहे. मला राग येतो तो यातल्या ढोंगाचा, कारण एक पैसा लागत नाही. भाकरीचे तुकडे ताटलीत न टाकता अंगणात गवतावर विखरा. जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये दडवा, वर रद्दी चुरगाळून टाका. तो पंधरा-वीस मिनिटं गुंततो, मग अंग टाकून झोपतो. रोज एक फेरी अशी मारा की वाट तो ठरवेल आणि तुम्ही मागे चालाल. म्हाताऱ्या, फार धावू न शकणाऱ्या कुत्र्यालाही हे जमतं. दावतीचं उरलेलं मात्र त्यात दडवू नका. कांद्याचा सालन कुत्र्याला विषारी, आणि शिजलेलं हाड फुटून आतड्यात टोचतं.

यानं सगळं सुधारतं असं मी म्हणणार नाही. एकटं राहिलं की घाबरून दार ओरबाडणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्याकडेच न्यावं लागतं, आणि रोजच्या धावण्याला टॉवेलाचा पर्याय नाही. धनगराचा कुत्रा किंवा मराठवाडा-सोलापूरकडचा कारवान बघा. सशामागे सुटायला घडलेलं ते शरीर शेडच्या खांबाला बांधून ठेवणारे लोक नंतर तो चावला म्हणून गावभर सांगतात. फ्लॅटमध्ये एसी लावून हस्की ठेवणारे पुण्या-मुंबईचे हौशी लोकही काही वेगळे नाहीत. त्यांची साखळी फक्त दिसत नाही.

हा नुसता दयेचा मामला आहे असंही समजू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे. त्याच्या कलम ११मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. होय, कुत्र्याचं नाव घेऊन. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. नवी साखळी याहून महाग मिळते.